जानकीबाईची साक्ष

ट्रकचा फाळका पडला, एवढंच झालं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावाच्या नाक्यावर जाम लागला म्हणून गोदूनं रिक्षा सोडली आणि ती गोडाऊनांच्या भिंतीकडेनं चालायला लागली. तेवढ्यात एका उभ्या ट्रकच्या हमालानं मागची कडी उपसली आणि तो लोखंडी फाळका धाडकन खाली आला. असल्या आवाजाला इथं कुणी मानसुद्धा वळवत नाही. सकाळपासून दिवे लागेपर्यंत हेच तर चालू असतं. पण गोदू रस्त्यात खाली बसली होती. पांढरी साडी, खांद्याला पर्स, डोक्यात निम्मे केस पिकलेले, अशी चांगली जाणती बाई दोन्ही हात डोक्यावर घेऊन, तोंड गुडघ्यांत खुपसून धुळीत बसली होती. "अरे मौसी, बम नहीं फटा, फालका गिरा है," हमाल हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं आणि तो पाण्याची बाटली शोधायला लागला. गोदू उठली, साडी झटकली, "कुछ नहीं भैया, चक्कर आ गया," म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. डोंबलाची चक्कर! कशाला खोटं बोलतेस गं? तिला फाळक्याचा आवाज आलाच नव्हता. लाकूड माणसाच्या कोपरावर बसतं तेव्हा जो आवाज येतो तो तिला ऐकू आला होता. लहान असताना, भर दुपारी, स्वतःच्या घरात ऐकलेला. भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीत संसार केला तिनं, रात्रंदिवस खटखट, खटखट. पाहुणे म्हणायचे, बाई गं, तुला झोप कशी येते? तिला त्यातच झोप यायची. लाइट गेली, माग थांबले, सगळं चिडीचूप झालं, की ती दचकून जागी व्हायची, कारण शांततेत बाकीचं ऐकू येतं. आणि आज तर तिला सगळ्या मंडळीसमोर उभं राहून बोलायचं होतं.

आज जानकीबाईची स्मरणसभा होती. जानकीबाई म्हणजे गोदूची आई. पण तसं म्हटलं तर ती कुणाची नव्हती? पूर्णातल्या निम्म्या पोरांच्या कानाखाली तिनं वाजवलेली होती आणि त्याच पोरांना त्याच हातानं बोंबलाचं कालवण वाढलेलं होतं. तिचा हातच तसा. माशाचं डोकं उडवायची ते एका घावात, नारळ फोडायची ते एका दणक्यात, आणि आजारी माणसासाठी प्रार्थना करायला त्याच्या डोक्यावर हात ठेवायची तेव्हा त्याची मान दोन दिवस दुखायची. "प्रभूला जोरानं सांगायला लागतं," म्हणायची, "त्याला लय लोकांचा ऐकायचा असतंय." लॉकडाऊनमध्ये मागवाले बंद कारखान्यांत अडकले, तेव्हा या बाईनं अंगणात चूल मांडून मोठमोठी पातेली चढवली, पोलीस अडवायला आला तर त्याच्यावर झारा उगारला, आणि मग त्यालाही जेवायला बसवलं. तिला पुरायला नेलं त्या दिवशी टेंपोवाले, हमाल, लुंगीतले म्हातारे मागवाले, सगळे भिंतीला टेकून रडत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. पण जानकीबाईचं तसं नव्हतं हो, ती जिवंतपणीच मणभर होती. आणि गोदूचा तिच्यावर जीव होता. नुसता जीव नव्हे, आई गेल्यापासून गोदूच्या छातीत कुणीतरी आतून बुक्क्या मारत असल्यासारखं होत होतं. त्यातल्या किती दुःखाच्या आणि किती संतापाच्या, हे तिला वेगळं काढता येत नव्हतं.

पूर्णाच्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत आहे. जानकीबाईच्याही आधीपासूनची. तिथले बरेचसे शेतीवाडीवाले, खाडीवाले. प्रभूकडे वळले तेव्हा दहावं-बारावं सुटलं, आणि त्या जागी स्मरणसभा आली. त्या सभेत मेलेल्या माणसाची साक्ष त्याच्या थोरल्या लेकरानं सांगायची. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं त्याची हकिकत. ती सांगायची तीही 'माझी आई' असं म्हणून नाही, 'मी' म्हणून. मेलेला माणूस हयातीत ज्या शब्दांत सांगायचा त्याच शब्दांत, जणू तोच उभा राहून शेवटचं बोलतोय. कालच भावाचा, प्रितेशचा, फोन आला होता. "ताई, आयसची साक्ष हाय तशीच सांग. मधी तुझा काय घुसवू नको. पडघ्याची, दापोड्याची माणसा येनार हायेत." गोदू म्हणाली, "पाठ हाय मना." पाठ नसायला काय झालं? पूर्णातल्या कुत्र्यामांजरांनाही ती पाठ होती. माझा नवरा तुळशीराम दारू पिऊन मना मारायचा. पट्ट्यानं मारायचा, वल्ह्यानं मारायचा. मी कधी उलटून हात उचलला न्हाय. मी गुडघ्यावर बसली, बोलली, प्रभू, आता तूच त्याचा हात धर. आनि त्याच दिवशी प्रभूनं त्याचा उजवा हात लुळा केला. त्या दिवसापासून त्यानं मना परत बोट लावला न्हाय. एवढीच साक्ष. मग हालेलूया, टाळ्या, बायकांच्या डोळ्यांना पदर. लांबलांबून बाया आणायचे ती ऐकायला. ज्या बाया मार खायच्या त्यांना त्यांच्याच सासवा आणायच्या, पुढच्या रांगेत बसवायच्या आणि कोपरानं ढोसायच्या, "ऐक, ऐक कसा सहन केलान ते." आणि मागच्या रांगेत तुळशीराम, तो लोंबता हात मांडीवर ठेवून बसलेला. सगळ्यांचं आमेन म्हणून झाल्यावर त्याचं एकट्याचं आमेन यायचं. जिता-जागता चमत्कार म्हणून लोक त्याचा हात बघायला जायचे.

तो हात प्रभूनं धरला नव्हता. तो हात जानकीबाईनं मोडला होता, आणि दार गोदूनं लावलं होतं. सुगीचे दिवस होते. शेजारच्या खळ्यात भाताची झोडणी चालली होती, पेंढ्या फळीवर आपटत होत्या, धप, धप, धप. तुळशीराम दुपारचाच ढोसून आला आणि रोजचं सुरू झालं. गोदूला तेव्हा डोळे मिटून कळायचं की आज काय आहे, पट्टा आहे की वल्हं. पट्टा शिटी घालतो, वल्हं मुकं असतं. आई अंगाची मोटकुळी करून कोपऱ्यात पडायची, तोंडात पदर कोंबायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अक्षरशः. त्या दिवशी पाळण्यातला प्रितेश रडायला लागला. बाप वळला, त्यानं पोराला एका पायानं उचललं आणि कोंबडी धरतात तसं धरून गरकन फिरवलं. पोराचं डोकं दाराच्या चौकटीला घासून गेलं. थोडंसंच. एक बोटभर इकडे असतं तर आज प्रितेश नसता. कोपऱ्यातली मोटकुळी उठली. आईचं तोंड गोदूनं त्या वेळी पाहिलं; त्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तिनं आधी पोर काढून घेतलं, गोदूच्या मांडीत दिलं आणि म्हणाली, "गोदू, दार लाव." गोदूनं लावलं. दारामागं जमीन चोपायचं लाकडी चोपणं होतं, जाड, मुठीला गुळगुळीत झालेलं. पहिला घाव तिनं गुडघ्यामागं घातला. तो पडला. मग तिनं त्याच्या मनगटावर पाय दिला आणि कोपर चोपलं. ओटी चोपायची तसं, घाई न करता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. बाप ओरडत होता, गुरासारखा, "आये, आये" करत होता. बाहेर झोडणी चालू होती. धप, धप, धप. कुणाला काही ऐकू गेलं नाही. मग आईनं चोपणं मोरीत धुतलं, भाताचं पातेलं उतरवलं, कालवण ओतलं, आणि भुईवर विव्हळणाऱ्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला घास भरवला. "दुसरा उचललास तर दुसरा बी," एवढंच बोलली. गोदूला वाढायला ती विसरली नव्हती. गोदू जेवली, आणि त्या दिवशी तिला चांगली भूक लागली होती.

खोटं आईनं सुरू केलं नाही, हे गोदूनं मनातल्या मनात किती वेळा घोकलं असेल! खोटं बापानं सुरू केलं. बायकोनं हात मोडला असं कुठला मर्द गावात सांगेल? भाऊ आले तेव्हा तो म्हणाला, "वारा गेला अंगावरनं." हाडवैद्य आला तो चाचपून गप्प बसला. आणि मग पडघ्याकडचे तेव्हाचे पास्टर प्रार्थनेला आले, त्यांना गावातल्या बायकांकडून माराचं ठाऊक होतं, लोंबता हात बघितला आणि ते एकदम गुडघ्यावर आले, डोळ्यांत पाणी, म्हणाले, "बाई, प्रभूनं तुझा धावा ऐकला. त्यानं याचा हात धरला." आईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं खाली बघितलं. आई म्हणाली, "आमेन." झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या एका शब्दानं दिरांच्या कोयत्यांपासून ती वाचली, पोलिसांपासून वाचली, आणि नवराही गावात मान वर करून चालायला मोकळा झाला. त्यात काय वाईट झालं? काही नाही. पण पुढच्या रविवारी तिला उभं केलं, तिनं ते सांगितलं, लोक रडले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. आणि सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की गोदूलाही कधीकधी वाटायचं, चोपणं आपण स्वप्नात बघितलं असेल.

पण बेबी काही स्वप्नात मेली नव्हती. बेबी म्हणजे मंडळीतल्याच बायजाबाईची एकुलती एक लेक, गोदूच्या मागंपुढं खेळलेली, हसली की खांदे उडवणारी. दापोड्याला दिली होती. नवरा ट्रान्सपोर्टवाला, घरी आला की हात चालवायचा. बायजाबाईनं तिला साक्ष ऐकायला आणली, हौसेनं, विश्वासानं, दोघी पुढच्या रांगेत बसल्या. सभा संपल्यावर जानकीबाईनं बेबीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "गुडघ्यावर बस. उलटून हात उचलू नको. तो धरल त्याचा हात." गोदू तिथंच उभी होती, चहाचे कप गोळा करत. बेबी आत्ताच बरं वाटल्यासारखी हसली, खांदे उडवले. ती खरंच गुडघ्यावर बसली असणार. मोरीच्या दगडावर तिचं डोकं आपटलं तेव्हाही तिनं हात उचलला नसणार, कारण नवऱ्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. पाय घसरला म्हणाले सासरचे. मंडळीत कुणी मोठ्यानं काही बोललं नाही, पण बायजाबाईच बोलली, स्वतःच्या तोंडानं, बेबीच्या मातीवरून परत येताना: "जानकीचा विश्वास मोठा, तिला पावला. माझ्या पोरीचा कमी पडला." त्या दिवशी गोदू घरी येऊन आईच्या अंगावर धावून गेली. "आये, आता तरी सांग तिला. आता तरी!" आईनं तिच्या अशी थोबाडीत हाणली की गोदूच्या कानात आठवडाभर भोंगा वाजत होता. मग तिलाच छातीशी धरलं आणि दातओठ खाऊन रडली. "सांगितला तर बेबी उठल का गं? बायजा तरी जगल का?" त्यानंतर मरेपर्यंत रोज जानकीबाईचा डबा बायजाबाईकडे जायचा. भात, कालवण, सुकट. बायजाबाई तो खायची आणि म्हणायची, जानकीसारखी बाय होणार न्हाय.

तरीही गोदूनं सगळं पोटात ठेवलं असतं, आईबरोबर पुरून टाकलं असतं. माणूस काय पुरत नाही! पण आईला शेवटची अंघोळ घालायला गोदू आणि मनाली दोघीच आत होत्या. मनाली म्हणजे प्रितेशची बायको. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं तिनंच केलं होतं. पाणी ओतता ओतता मनालीच्या ब्लाउजची बाही भिजून दंडाला चिकटली, आणि पातळ पांढऱ्या कापडातून चार बोटं दिसली. निळी. गोदूनं एकीकडे आईच्या गळ्याशेजारचं वाकडं सांधलेलं हाड पुसलं, जुनं, तुळशीरामच्या वल्ह्याचं. आणि दुसरीकडे ती निळी बोटं. एकाच पाण्यात, एकाच तांब्यानं. "कधीपासून?" तिनं विचारलं. मनालीनं बाही ओढली. "आमची पूर्वी व्हायच्या आधीपासून, ताई." पूर्वी, तिची लेक, आता शाळेत जात होती. "परवा गळा धरला. डोळ्यापुढं अंधार झाला. पूर्वी ओरडली म्हणून सोडला." हे तिनं कपडे वाळत घातले असं सांगावं तसं सांगितलं. "आयसला ठाऊक होता?" मनालीनं ओली बाही पिळली. "सांगितलं होतं मी. हात धरून रडल्या. मग बोलल्या, गुडघ्यावर बस. उलटून हात उचलू नको." गोदूच्या हातातला तांब्या खाली पडला. आपलेच दात नि आपलेच ओठ! नवऱ्याचा हात मोडायला चोपणं सापडलं, आणि लेकाच्या वेळी प्रभू सापडला? ज्या पोरासाठी उठलीस तेच पोर आता गळे आवळतंय, आणि त्याच्या बायकोला तू बेबीचं औषध दिलंस? जाणूनबुजून? गोदूला वाटलं, त्या मेलेल्या, साबणानं स्वच्छ झालेल्या, लाडक्या तोंडावर सणसणीत एक ठेवून द्यावी. तिचा हात खरोखर वर गेला. मनाली बघत होती. मग गोदूनं त्याच हातानं आईचे केस विंचरले, मधोमध भांग पाडला, आणि ओठ दातांखाली इतके धरले की रक्ताची चव लागली.

त्या दिवसापासून एकच प्रश्न तिच्या डोक्यात यंत्रमागासारखा चालू होता. हाय तशी साक्ष सांगावी, तर मनालीला सगळ्या मंडळीदेखत परत एकदा गुडघ्यावर बसवणं. खरं सांगावं, तर आई दुसऱ्यांदा मरणार, आणि आईबरोबर बायजाबाईही. 'माझ्या घरी येऊन राहा' असं तिनं मनालीला सांगून बघितलं होतं. मनाली म्हणाली होती, "आईंसारखं व्हायला वेळ लागतो, ताई. माझीच प्रार्थना कमी पडत असेल." तेच शब्द. कमी पडत असेल.

प्रार्थनेची जागा एका गाळ्याच्या माडीवर होती. खाली खोक्यांची चढउतार, वर प्लास्टिकच्या खुर्च्या. माडी भरून जिन्यातही माणसं उभी होती. जानकीबाईच्या फोटोला शेवंतीचा हार. प्रितेश पांढऱ्याशुभ्र शर्टात लोकांना खुर्च्या देत होता, म्हाताऱ्यांच्या पाया पडत होता, आणि रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. खोटं नव्हतं ते रडणं. गोदूला त्याची दया आली आणि त्याच्या हातांकडे बघवेना. पुढच्या रांगेत बायजाबाई, काडीसारखी झालेली. तिच्याशेजारी मनाली, गळ्याला पदर गुंडाळून. मनालीच्या मांडीला टेकून पूर्वी. गाणी झाली, वचन झालं. पास्टर केसरीनाथ, मऊ आवाजाचे, भले गृहस्थ, म्हणाले, "आता जानकीआई आपल्याशी शेवटचं बोलतील," आणि त्यांनी माईक गोदूच्या हातात दिला.

"माझा नवरा तुळशीराम दारू पिऊन मना मारायचा," गोदू म्हणाली. आवाज आईसारखाच निघाला, घोगरा, आणि लोकांत एक हुंदका फिरला. "पट्ट्यानं मारायचा, वल्ह्यानं मारायचा." बायजाबाईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. "मी कधी..." आणि गोदू थांबली. तिला अडलेलं बघून मंडळीच पुढं झाली, सवयीनं, मायेनं, सगळ्यांनी एका सुरात तिचं वाक्य पुरं केलं: "उलटून हात उचलला न्हाय!" त्यात मनालीचाही आवाज होता. बारीक, पण गोदूला तेवढाच ऐकू आला.

"उचलला," गोदू म्हणाली. "मी हात उचलला. प्रभूनं न्हाय धरला त्याचा हात. मी मोडला. चोपण्यानं मोडला, भर दुपारी, दार लावून. त्यानं माझा पोर उलटा धरला तवा मी उठली. मनगटावर पाय दिला नि हाड मोडंपर्यंत चोपला. आनि मंग इतकी वर्सं तुमच्यासमोर खोटा बोलली. मी, जानकी तुळशीराम, खोटा बोलली." माईकला प्रतिध्वनी होता, शेवटचा शब्द भिंतीला लागून परत आला. खाली कुणीतरी खोका आपटला. पास्टर पुढं आले, मऊपणे म्हणाले, "गोदूताई, तुम्ही दुःखात आहात, बसा." गोदू बसली नाही. ती मनालीकडे बघत राहिली. "गुडघ्यावर बसून मार काय थांबत न्हाय, पोरी. माझा बी न्हाय थांबला. मी तुला खोटा सांगितला, कारन तो माझा लेक हाय."

प्रितेश खुर्च्या ढकलत आला. त्यानं तिच्या हातातून माईक हिसकला, तिचा दंड धरला, त्याची बोटं रुतली. "वेडी झाली काय गं तू? आयसच्या स्मरणसभेत? आयसला खोटारडी बोलतेस?" त्याचा दुसरा हात वर गेला, पण त्याच्याआधी दुसरंच कुणीतरी गोदूच्या समोर येऊन उभं राहिलं होतं. बायजाबाई. तिला उठताना कुणी पाहिलंच नव्हतं. तिनं मान तिरकी करून गोदूच्या तोंडाकडे बघितलं. गोदूकडे नव्हे, रीत रीत असते, तिच्यासमोर जानकी उभी होती.

"जानकी," ती म्हणाली, "मंग माझी पोर?"

बायजाबाईनं त्या वाळक्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग तिसरी, आणि प्रत्येक माराबरोबर ती बेबीचं नाव घेत होती, हळूच, हाक मारल्यासारखं. गोदूनं मान हलवली नाही. आईचा मार आईच्या वतीनं खाताना तिला आयुष्यात पहिल्यांदा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. प्रितेशचा वर गेलेला हात तसाच खांद्याशी राहिला होता. पास्टरांनी घाईनं एक गाणं सुरू केलं. पहिली ओळ एकट्यानं म्हटली, दुसरीही एकट्यानं, आणि तिसरीला ते गप्प झाले.

बायजाबाई धापा टाकत वळली. एका खुर्चीला धरून, दुसरीला धरून ती मनालीपाशी गेली आणि तिनं मनालीच्या गळ्याभोवतीचा पदर सोडला. तिथं जे होतं ते पुढच्या रांगेनं बघितलं. मग मागच्या रांगेतले उठून बघायला लागले. दापोड्याकडच्या एकीनं आपल्या सासूचा मांडीवरचा हात उचलून बाजूला ठेवला. "ऊठ," बायजाबाई मनालीला म्हणाली. "माझ्या घरी चल. माझ्या बेबीची खोली रिकामी हाय."

"मनाली, बस खाली," प्रितेश म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. घरी हा आवाज लागला की पुढं काय होतं ते पूर्वीला ठाऊक असावं, कारण तिनं डोळे गच्च मिटले. तो वाटेत येऊन उभा राहिला. बायजाबाई त्याच्या छातीला लागेल इतकी जवळ गेली. "मार," म्हणाली. "आधी मना मार. हितंच मार, सगळ्यांच्या समोर. मरून बी लय दिवस झालं मना." प्रितेशनं पास्टरांकडे बघितलं, जिन्यातल्या माणसांकडे बघितलं, मग फोटोतल्या आईकडे. तो ओरडला, "आये!" आणि भिंतीवर मूठ आपटली. एकदा, दोनदा, बोटं सोलेपर्यंत. पूर्वी किंचाळली. गोदूला वाटलं, आता मनाली त्याच्याकडे धावणार. रक्त बघून बायका धावतातच, पदर फाडून बांधतात, हीच तर आपली खोड. मनाली उभी राहिली. तिनं नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. मग खाली वाकून तिनं खुर्चीखालून लेकीचं दप्तर ओढलं आणि खांद्याला अडकवलं.

"पूर्वी," ती म्हणाली, "चपला घाल."